मालिकेतून मोठं झाल्यावर, अठराव्या वर्षी पुन्हा सुरुवात

लहानपणी मालिकेत दिसलेल्या ठाण्या-नवी मुंबईच्या मुलामुलींनी अठरा पूर्ण होताच आधी बँक गाठावी. 2017 च्या बालकामगार नियमांनुसार 14 वर्षांखालील कलाकाराच्या कमाईतले किमान 20 टक्के त्याच्याच नावावर, राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायला हवेत. ती पावती शोधा. अल्पवयीनाच्या पॅनवर फोटो आणि सही नसते, काम तिथेच अडतं; म्हणून पॅन दुरुस्तीचा अर्ज आधी भरा.

मग ऑडिशन. जुनी क्लिप पाठवू नका. आवाज फुटलाय, चेहरा बदललाय, आणि निवडणाऱ्याला आजचे तुम्ही हवे असता. मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर, मागे कोरी भिंत, उजेड समोरच्या खिडकीतून. नाव, वय, उंची, येणाऱ्या भाषा सांगा. चेहरा समोरून, मग दोन्ही बाजूंनी दाखवा. मिनिटभर पुरे. पंखा बंदच ठेवा, त्याची घरघर शब्द खाते. घोडबंदर रोडलगत घर असेल तर आतली खोली निवडा. ऑडिशनसाठी पैसे मागणाऱ्याकडे जाऊच नका.

एकांकिका मात्र जरूर करा. कॉलर माइकच्या सवयीने आवाज घशातच राहतो. गडकरी रंगायतनसारख्या नाट्यगृहात तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावा लागतो.