लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट कसा वाचावा

लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातील मेदांच्या तपासणीचा, रिपोर्ट हाती आला की बहुतेकांची नजर 'टोटल कोलेस्टेरॉल'वर जाते, आणि तो आकडा 200 च्या (येथील सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये) आत असला की कागद फायलीत जाऊन पडतो. वास्तविक या एका आकड्यावरून हृदयाला असलेल्या धोक्याचा नीट अंदाज येत नाही.

कोलेस्टेरॉल हा शरीराला नको असलेला पदार्थ नव्हे. पेशींच्या आवरणासाठी ते लागतेच, शिवाय पित्ताम्ले, ड जीवनसत्त्व आणि कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन ही संप्रेरकेही त्यापासूनच बनतात. त्यातील बराचसा भाग शरीर स्वतःच तयार करते. ताटातून येणारा वाटा त्यामानाने लहान असतो. ते रक्तात विरघळत नसल्यामुळे प्रथिनयुक्त कणांतून वाहून नेले जाते. यांपैकी एलडीएलचे कण रक्तात जास्त झाले, की ते धमनीच्या अस्तराखाली शिरून अडकतात, तेथे वर्षानुवर्षे थर साचतो आणि तो फाटला की त्यावर रक्ताची गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. एचडीएल हे दुसरे कण जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेतात.

आता दोन रिपोर्ट शेजारी ठेवून पाहू. दोन्हींत टोटल 212 आहे. पहिल्यात एचडीएल 38 आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातील मेदाचा आणखी एक प्रकार) 240, तर दुसऱ्यात एचडीएल 62 आणि ट्रायग्लिसराइड 90 आहे. अनेक लॅब एलडीएल थेट न मोजता, टोटलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून काढतात. त्या हिशेबाने पहिल्याचे एलडीएल 126 आणि दुसऱ्याचे 132 येते, म्हणजे वरवर पाहता पहिला रिपोर्टच बरा वाटतो. परंतु टोटलमधून केवळ एचडीएल वजा केले, की 'नॉन-एचडीएल', म्हणजे धमनीत साचू शकणाऱ्या सगळ्या कणांतील कोलेस्टेरॉल, पहिल्यात 174 आणि दुसऱ्यात 150 निघते, आणि खरे चित्र उलटे असल्याचे दिसते. कमी एचडीएल आणि वाढलेले ट्रायग्लिसराइड ही जोडी भारतीयांत, विशेषतः पोट सुटलेल्या आणि मधुमेह असलेल्या व्यक्तींत, वारंवार आढळत असल्यामुळे ही साधी वजाबाकी प्रत्येकाने स्वतः करून पाहावी. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर असेल तर मात्र एलडीएलचे वरील गणित विश्वासार्ह राहत नाही. अशा वेळी ते थेट मोजून घ्यावे.

एलडीएल साधारणपणे 100 च्या आत असावे आणि नॉन-एचडीएलची मर्यादा त्याहून 30 ने अधिक धरावी. मधुमेहींसाठी डॉक्टर बहुधा 70 च्या आतले, तर झटका येऊन गेलेल्यांसाठी त्याहूनही खालचे लक्ष्य ठेवतात. एलडीएल 190 किंवा त्याहून अधिक असेल, तर दोष आनुवंशिक असण्याची शक्यता असते. अशा घरात भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करून घ्यावी.

तेलाच्या पिशवीवरील 'कोलेस्टेरॉल-फ्री' या शब्दांना भुलू नये, कारण वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच. एलडीएल वाढवतात ती मुख्यतः संपृक्त मेदाम्ले, आणि ती खोबरेल तेलात, पाम तेलात आणि तुपात भरपूर असतात. वरणभातावरच्या चमचाभर तुपाची धास्ती घेणारे लोक सकाळच्या चहाबरोबर तशाच मेदाने भरलेल्या चार खारी सहज खातात, हे पाहून नवल वाटते. फोडणीला शेंगदाणा किंवा करडईचे तेल बेताने वापरावे आणि ताटात मोड आलेली मटकी, चवळी, राजमा यांचा वाटा वाढवावा, कारण त्यांतील विद्राव्य तंतू पित्ताम्लांना आतड्यात धरून बाहेर टाकतात आणि नवी पित्ताम्ले बनवण्यासाठी यकृताला रक्तातील एलडीएल खेचून घ्यावे लागते. ट्रायग्लिसराइड जास्त असेल तर साखर, मैदा आणि मद्य आधी कमी करावे.

स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी सुरू झाल्यावर चार ते बारा आठवड्यांत पुन्हा तपासणी करावी. आकडा उतरलेला असतो तो गोळी चालू असल्यामुळे. त्यामुळे रिपोर्ट चांगला आला म्हणून ती परस्पर बंद करू नये. अंग दुखू लागल्यासही आधी डॉक्टरांना सांगावे, कारण मात्रा किंवा औषध बदलता येते. थायरॉइडचे कार्य मंदावल्यानेही एलडीएल वाढते, तेव्हा टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) तपासलेले नसेल तर तेही त्याच वेळी करून घ्यावे.