देवराईतली झाडं आणि पडलेलं लाकूड कसं मोजावं

शाहूवाडी, आजरा, चंदगडकडे अजून देवराया टिकून आहेत. देवाचं रान म्हणून तिथली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, असा रिवाज. त्यामुळे पडलेलं झाड जागेवरच कुजतं आणि त्यावर अळंबी, भुंगेरे, वाळवी सगळ्यांचं पोट भरतं. म्हणून झाडं मोजायला गेलात तर हे लाकूडही मोजाच. आधी गावकऱ्यांना विचारा. राधानगरी अभयारण्यात वनखात्याची परवानगी हवी.

सगळं रान मोजावं लागत नाही, नमुना पुरतो. पण जागा स्वतः निवडू नका. पाय आपसूक मोकळ्या वाटेकडे वळतात, नाहीतर सगळ्यात थोराड झाडाकडे, आणि आकडा तिथेच फसतो. नकाशावर चौकोन आखा, नंबर द्या, चिठ्ठ्या काढा. करवंदीची जाळी वाट्याला आली तरी तिथेच जायचं.

मध्यावर खुंटी ठोकून 12.62 मीटर दोरी फिरवा: 500 चौरस मीटरचं वर्तुळ झालं. उतारावर दोरी उताराला लावून नको, समपातळीत ताणा. खोडाचा मध्य आत असेल ते झाड घ्या, घेर 30 सेंटिमीटरच्या वर असेल तर. घेर 1.37 मीटर उंचीवर, चढाच्या बाजूने. टेपखाली वेल अडकू देऊ नका. उभं वाळलेलं झाड वेगळ्या रकान्यात लिहा. झाडांच्या संख्येला 20 ने गुणलं की हेक्टरी संख्या मिळते.

पडलेल्या लाकडाची रीत मला फार आवडते. 100 मीटर टेप जमिनीवर सरळ पसरा. टेप ज्या ओंडक्याच्या मध्यरेषेला छेदते, त्याची जाडी छेदाच्या जागी, ओंडक्याला काटकोनात मोजा. लांबी मोजायची गरजच नाही! 10 सेंटिमीटरपेक्षा बारीक सोडून द्या. जाड्यांचे वर्ग करून बेरीज घ्या, 1.234 ने गुणा, 100 ने भागा. उत्तर हेक्टरी घनमीटरमध्ये येतं.

समजा 10, 14, 20 आणि 30 सेंटिमीटरचे ओंडके लागले. वर्गांची बेरीज 1596, म्हणजे हेक्टरी सुमारे 19.7 घनमीटर. यात एकट्या 30 च्या ओंडक्याचा वाटा निम्म्याहून जास्त, म्हणून जाड ओंडक्याची जाडी दोनदा मोजून खात्री करा. शेवाळाखाली सुरीचं टोक टेकवून पाहा. लोण्यासारखं आत गेलं तर 'कुजलेलं' असं लिहा.

वादळात झाडं एकाच दिशेला पडतात, तेव्हा एकच सरळ रेषा दगा देते. टेप त्रिकोणात, तीन दिशांना टाका. चार-पाच जागांचे आकडे एकमेकांपासून फार लांब आले, तर आणखी चिठ्ठ्या काढा.