कुत्र्याची नखं घरी कापताना या चुका टाळा

फरशीवरून कुत्रा चालताना टकटक आवाज यायला लागला, की नखं वाढली म्हणून समजा. निपाणी-चिक्कोडीकडे उसाच्या बांधावर दिवसभर हुंदडणाऱ्या कुत्र्याची नखं दगडमातीवर झिजतात. बेळगाव शहरात टिळकवाडी-शहापुरात टाइल्सवर वाढलेल्याची झिजत नाहीत. त्यात आपल्याकडचा पावसाळा. फिरायला नेणं कमी होतं आणि गणपतीपर्यंत नखं पार वाकलेली असतात.

आणि मग सगळ्यात मोठी चूक होते. तीन महिन्यांची वाढ एका बसणीत उडवायला जातो आपण. शेजारीही सांगतात, "एकदाच बारीक कापून टाक की, परत बघायला नको." हे ऐकू नका. कुत्र्याच्या नखात रक्ताची शीर असते, तिच्यासोबत मज्जातंतूही असतो. नख वाढतं तशी ती शीरही पुढे सरकते. लांब नख एकदम आखूड केलं की शीर कापली जाते, कुत्रं कळवळतं, आणि पुढच्या वेळी नेलकटर दिसताच पलंगाखाली जाऊन बसतं. तेच दर आठ-दहा दिवसांनी टोकाचा पातळ काप घेत गेलात, तर शीर हळूहळू मागे हटते. दोन-तीन महिने लागू द्यात. वाढलेली नखं घरी कमी करायचा हाच सुरक्षित मार्ग.

पांढऱ्या नखात शीर गुलाबी दिसते, तिच्या दोन-तीन मिलिमीटर अलीकडे थांबायचं. काळ्या नखाची गोष्ट वेगळी. तिथे अंदाजाने कापू नका, प्रत्येक कापानंतर नखाचं तोंड उजेडात बघा. आधी ते कोरडं, खडूसारखं पांढुरकं दिसतं. मग मधोमध एक गडद, ओलसर ठिपका उमटतो. तो दिसला की त्या नखाचं काम संपलं, अजून जरासं कापायचा मोह नको.

माणसांचं नेलकटर वापरू नका. कुत्र्याचं नख गोल आणि जाड असतं, ते त्यात चेपतं आणि चिरतं. कुत्र्यांसाठीचा कात्रीसारखा क्लिपर घ्या. पातं बोथट झालं की तोही नख कापण्याऐवजी चेपतोच.

चौघांनी मिळून दाबून धरणं ही आणखी एक वाईट सवय. मुधोळ आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं, तिथली कारवानी (मुधोळ हाउंड) जातीची शिकारी कुत्री पाळणारे आपल्याकडेही आहेत. त्यांना तर असं धरलेलं अजिबात सोसत नाही. आधी काही दिवस नुसता पंजा हातात घ्या, सोडा, उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. मग क्लिपर नुसता नखाला लावा. आज दोनच नखं झाली तरी चालेल, बाकीची उद्या. फिरून दमून आल्यावर बसवलंत तर सोपं जातं. पाय बाजूला ओढू नका, सांध्याला त्रास होतो. मागचा पाय मागच्या दिशेनेच हलकेच उचलायचा. बक्षीस म्हणून कुंद्यासारखी मिठाई किंवा चॉकलेट देऊ नका. चॉकलेट कुत्र्याला विषारी असतं.

पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचं, जरा वर असलेलं अंगठ्याचं नख हमखास विसरलं जातं. ते जमिनीला टेकत नाही, म्हणून झिजतच नाही. गोल फिरून कातडीत घुसतं. केसाळ कुत्र्यात तर ते बोटांनी चाचपूनच शोधावं लागतं.

रक्त आलंच तर घाबरून ओरडू नका, कुत्रं आणखी बिथरतं. तुरटीची पूड किंवा कॉर्नफ्लोअर आधीच वाटीत काढून ठेवा. स्वच्छ कापडाने नखाच्या टोकाला पूड लावून पाच मिनिटं सलग दाबा. मध्येच उघडून बघितलं की गुठळी निघते आणि रक्त पुन्हा सुरू होतं. त्या दिवशी चिखलात नेऊ नका. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन तर मुळीच देऊ नका, या गोळ्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात.

अर्ध्या तासात रक्त थांबलं नाही, नख मुळापासून चिरलं, किंवा वाकलेलं नख पंज्याच्या गादीत रुतलेलं दिसलं, तर घरी हात लावू नका. सरळ जनावरांच्या दवाखान्यात न्या. चावणाऱ्या कुत्र्यालाही तिथेच न्यावं, गरज पडली तर गुंगीचं औषध डॉक्टरच देतील. गडबडीत तुम्हाला दात लागला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या इंजेक्शनसाठी त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा, कुत्रं घरचं असलं तरी.