रिक्वेस्टशिवाय टेम्प्लेट रेंडर करताय? या चुका टाळा

उसाचं बिल ब्राउझरमध्ये उघडलं की सगळं जागच्या जागी दिसतं. तेच टेम्प्लेट (बिलाचा साचा) रात्रीच्या जॉबमधून पीडीएफसाठी रेंडर केलं, म्हणजे माहिती भरून तयार केलं, की लोगो गायब, लिंक अर्धवट आणि निपाणीच्या मराठी सभासदाच्या हातात कन्नड बिल. भाषा कुठली, लॉगिन कुणाचं, डोमेन काय हे सगळं टेम्प्लेट गुपचूप रिक्वेस्टकडून (ब्राउझरने सर्व्हरला पाठवलेल्या मागणीकडून) घेत असतं, आणि असे जॉब चालवणाऱ्या वर्करमध्ये रिक्वेस्टच नसते. खालची उदाहरणं मुख्यतः जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कची आहेत, अधूनमधून रुबीच्या रेल्सची.

भाषेची चूक सर्वांत महागात पडते. ब्राउझरमध्ये लोकेल मिडलवेअर (प्रत्येक रिक्वेस्टवर चालणारा कोड) भाषा ठरवतं. वर्करमध्ये ते चालत नाही, म्हणून लोक ट्रान्सलेशन मॉड्यूलचं अ‍ॅक्टिव्हेट वापरून कन्नड लावतात आणि बिल बनवतात. ती भाषा त्या थ्रेडला चिकटून राहते. अथणीच्या कन्नड सभासदानंतर त्याच वर्करकडे निपाणीचं बिल आलं आणि त्या टास्कने स्वतः भाषा लावली नाही, तर 'एकूण वजन'च्या जागी कन्नड लिपीत 'ओट्टु तूक' छापून येतं. टेस्टमध्ये एकच बिल काढतात, त्यामुळे तिथे हे कधीच सापडत नाही. उपाय: अ‍ॅक्टिव्हेटऐवजी विथ ब्लॉकमध्ये ओव्हरराइड वापरा, ब्लॉक संपला की आधीची भाषा परत येते. रेल्समध्ये हेच काम विथ_लोकेल करतं. भाषा सभासदाच्या नोंदीतूनच घ्या. तपासताना एक कन्नड, एक मराठी, पुन्हा एक कन्नड अशी तीन बिलं एकाच वर्करवर ओळीने काढा.

रेंडर_टू_स्ट्रिंगला रिक्वेस्ट दिली नाही तर कॉन्टेक्स्ट प्रोसेसर (टेम्प्लेटला नेहमीची नावं पुरवणारी फंक्शन्स) चालत नाहीत. युजर, रिक्वेस्ट ही नावं टेम्प्लेटला माहीतच नसतात, आणि जँगो एरर न देता तिथे रिकामी जागा सोडतो. 'इफ युजर'च्या आतला मजकूर तर मुकाट्याने गळतो. शोधायचं असेल तर स्ट्रिंग_इफ_इन्व्हॅलिड सेटिंगमध्ये ठळक खूण घाला, एक बिल काढा, आणि काम झालं की सेटिंग नक्की काढा. अ‍ॅडमिनसकट बरीच टेम्प्लेट्स त्या रिकाम्या जागेवर विसंबून असतात. रेल्समध्ये उलट, लॉगिन सांभाळणाऱ्या डिव्हाइस (Devise) लायब्ररीचा करंट_युजर, तिला लागणारा वॉर्डन सापडत नाही म्हणून थेट एरर देतो. तो बरा, निदान दिसतो तरी.

यावर जँगोच्या टेस्टसाठीच्या रिक्वेस्ट फॅक्टरीने खोटी रिक्वेस्ट बनवणं हा उपाय नाही. तिच्यावर मिडलवेअर चालत नाही, आणि तिचा होस्ट 'टेस्टसर्व्हर' असतो. पूर्ण लिंक बनवायला गेलं की प्रॉडक्शनमध्ये होस्टचा एरर येतो. तो घालवायला कुणी अलाउड होस्ट्समध्ये (चालणाऱ्या डोमेनच्या यादीत) तारा (*) टाकला, की सभासदांच्या मोबाइलवर न उघडणाऱ्या लिंक जातात. रेल्सच्या रेंडररमध्येही होस्ट दिला नाही तर लिंकमध्ये 'एक्झाम्पल डॉट ऑर्ग' येऊ शकतं. साइटचा पत्ता सेटिंग्जमध्ये ठेवा आणि सभासद, पत्ता, तारीख टेम्प्लेटला हातानेच द्या.

लोगोचं दुखणं वेगळं. एचटीएमएलची पीडीएफ करणाऱ्या वीझीप्रिंटला बेस_यूआरएल दिला नाही तर सापेक्ष पत्ते तो सोडून देतो, लॉगमध्ये फक्त इशारा येतो. बेस_यूआरएल म्हणून प्रोजेक्टचा फोल्डर दिला तरी स्लॅशने सुरू होणारा पत्ता तो फोल्डर ओलांडून थेट डिस्कच्या मुळाशी जातो. पीडीएफच्या टेम्प्लेटमध्ये सुरुवातीचा स्लॅश काढा, किंवा फाइलचा पूर्ण पत्ता द्या. कन्नड अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर सर्व्हरवर फॉन्ट नाही. नोटो सान्स कन्नड आणि देवनागरी दोन्ही टाका.

तारीखही बघा. टाइमझोन यूटीसीच राहिला असेल तर रात्री दोनचं बिल आदल्या दिवशीच्या साडेआठचं होतं आणि तारीख एक दिवस मागे छापली जाते. सेटिंगमध्ये आशिया/कोलकाता लिहा.

टास्कला बिलाचा आयडी द्या, ऑब्जेक्ट नको, आणि तो ऑन_कमिटमधून पाठवा. नाहीतर ट्रान्झॅक्शन पूर्ण व्हायच्या आधीच वर्कर धावतो आणि त्याला बिल सापडत नाही.