ट्वीड डिलक्सचा क्लोन घरी आणल्यावर या चुका टाळा

माझ्या टेबलावर दुरुस्तीला येणारे व्हॉल्व्हचे (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारे) गिटार अ‍ॅम्प अलीकडे बहुतेक एकाच घराण्यातले असतात. फेंडर या अमेरिकी कंपनीने कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे १९५५ ते १९६० या काळात जो ट्वीड डिलक्स बनवला, त्याच्या ५ई३ या सर्किटची कोणीतरी हाताने जोडलेली, देखणी आणि चांगलीच महाग नक्कल, म्हणजे ज्याला सगळे बुटिक क्लोन म्हणतात, ती माझ्यासमोर ठेवली जाते आणि मालक सांगतो की व्हॉल्व्ह खराब दिसतात. व्हॉल्व्ह म्हणजे दोन ६व्ही६ (स्पीकरला जोर देणारे आउटपुट व्हॉल्व्ह), एक १२एवाय७, एक १२एएक्स७ आणि एक ५वाय३ रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा), दोन व्हॉल्यूम, एक टोन, जेमतेम १२ ते १५ वॅट. सर्किट कागदाच्या एका पानावर मावते आणि नेमके म्हणूनच अ‍ॅम्प घरी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाच्या हाताला स्क्रू-ड्रायव्हरची खाज सुटते.

झाकण उघडण्यापूर्वी एक गोष्ट सांगणे भाग आहे. प्लग काढल्यानंतरही फिल्टर कॅपॅसिटरमध्ये (वीज साठवून डीसी सपाट करणाऱ्या भागात) ३५० व्होल्टहून अधिक दाब शिल्लक असू शकतो. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडणारे कारागीर मी पाहिले आहेत आणि त्यांतल्या कोणालाही मी माझ्या अ‍ॅम्पजवळ फिरकू देत नाही. मी १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरला दोन क्रोकोडाइल क्लिपा लावून ठेवल्या आहेत. तो दहा सेकंद जोडायचा, मग मल्टिमीटरने शून्य पाहायचे आणि त्यानंतरच हात आत घालायचा, तोही एकच.

भिंतीतला दाब न मोजणे

ही माझी सर्वांत नावडती चूक आहे, आणि ती एकदा माझ्याही हातून झालेली असल्यामुळे तिच्याविषयी सविस्तर लिहितो.

पुण्यातील एक तरुण तक्रार घेऊन आला की त्याच्या क्लोनमधील ६व्ही६ची जोडी तीन-चार महिन्यांत मरते. तोपर्यंत त्याने तीन जोड्या विकत घेतल्या होत्या आणि प्रत्येक वेळी बनावटीचे नाव बदलले होते. मी दुपारी अ‍ॅम्प तपासला. भिंतीत २३२ व्होल्ट होते, हीटरवर (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेवर) ६.३ ऐवजी ६.६ व्होल्ट, प्लेटवर (व्हॉल्व्हमधल्या उच्च दाबाच्या पत्र्यावर) ३७२. थोडे वर, पण फेंडरच्या त्या काळच्या आराखड्यांवरच व्होल्टेजला अधिक-उणे २० टक्क्यांची सूट छापलेली असे, तेव्हा मी तो ठीक आहे असे सांगून परत पाठवला. दोन महिन्यांनी चौथी जोडी गेली.

मग मी त्याच्या घरी गेलो, तेही रात्री अकराला, कारण तो वाजवायचा त्याच वेळी. शेजारची कार्यालये बंद, आसपासचा भार उतरलेला आणि सॉकेटमध्ये २४६ व्होल्ट. दिवा मालवून मागून पाहिले तर एका ६व्ही६च्या काळ्या प्लेटवर विझत आलेल्या निखाऱ्यासारखी तांबूस रेघ उमटली होती. हीटरवर ७ व्होल्ट भरले. ६.३ व्होल्टच्या हीटरला १० टक्के इकडेतिकडे चालते, म्हणजे ५.७ ते ६.९ पर्यंत. प्लेटवर ३९५ आणि दोन्ही ६व्ही६च्या प्रवाहाच्या वाटेतल्या २५० ओहमच्या सामाईक कॅथोड रेझिस्टरवर २४ व्होल्ट. चोवीस भागिले अडीचशे म्हणजे ९६ मिलिअँपिअर, त्याचे निम्मे ४८, त्यातून स्क्रीनचे (व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या जाळीचे) दोन-तीन वजा करून प्लेट आणि कॅथोड यांच्यातल्या ३७१ व्होल्टनी गुणले की प्रत्येक व्हॉल्व्हच्या प्लेटवर साधारण साडेसोळा वॅट. मूळ ६व्ही६जीटी १२ वॅटची, आजच्या दणकट आवृत्त्या फार तर १४ वॅटच्या. त्या बिचाऱ्या तीन-चार महिने टिकत होत्या हेच पुष्कळ.

दोष ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत, म्हणजे भिंतीकडच्या वाइंडिंगमध्ये, होता. तिला २२० आणि २४० असे दोन्ही टॅप (जोडणीची टोके) होते, पण जोडणाऱ्याने आपल्याकडे २२० असते असे गृहीत धरून पहिली वायर जोडली होती. मी ती सोडवून २४० वर डाखली. रात्रीच्याच दाबावर हीटर ६.४५ वर आला, प्लेट ३६२ वर, आणि प्लेटवरचा भार साडेतेरा वॅटच्या आसपास. डाग देण्याचे काम पाच मिनिटांचे होते आणि ते दोन महिने आधी माझ्या टेबलावरच व्हायला हवे होते. तेव्हापासून मी कोणाचाही अ‍ॅम्प हातात घेण्याआधी, ज्या खोलीत आणि ज्या वेळी तो वाजतो, त्या वेळचे सॉकेटवरचे आकडे मालकाकडून आठवडाभर लिहून मागतो. पुष्कळांना याचा कंटाळा येतो आणि ते दुसरीकडे जातात. त्यांनी खुशाल जावे.

अमेरिकेतून नातेवाइकांबरोबर आलेल्या १२० व्होल्टच्या क्लोनची गोष्ट याहून वेगळी. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावला की काम झाले असे समजले जाते, पण त्याने दाब उतरतो, वारंवारता नाही. केवळ ६० हर्ट्झसाठी बनवलेल्या गाभ्यात ५० हर्ट्झवर, त्याच दाबाला, चुंबकीय प्रवाह सव्वा पटीच्या जवळ जातो. ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो, तापतो, आणि तासाभराने त्याच्यावर हात ठेवणे अशक्य होते. १२० ऐवजी ११० व्होल्ट देणारा स्टेप-डाऊन येथे थोडा दिलासा देतो. मात्र स्वस्त स्टेप-डाऊनच्या डब्यांवर बहुधा दोनच पिनांचे सॉकेट असते आणि अर्थिंग तेथेच संपते. तो डबा घेण्यापेक्षा २३० किंवा २४० व्होल्टचा नवा पॉवर ट्रान्सफॉर्मर बसवून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोकणच्या पावसात कॅलिफोर्नियाचा बोर्ड

माझा पहिला क्लोन मी स्वतः जोडला होता आणि तो हुबेहूब असावा या हट्टापायी मी मूळच्यासारखा मेण लावलेला काळा फायबर-बोर्ड, पितळी आयलेट (वायरा डाखण्याची भोके) आणि कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर मिळवले होते. गणपतीत वाजवू म्हणून तो जूनमध्येच चिपळूणच्या घरी नेऊन ठेवला. ऑगस्टअखेरीस सुरू केला तेव्हा त्यातून पापड भाजल्यासारखी तडतड येऊ लागली आणि एरवी लोण्यासारखा फिरणारा व्हॉल्यूमचा नॉब खरखरू लागला. मी नवशिक्याने करावे तसे सगळे केले. आधी व्हॉल्व्ह बदलले, मग कपलिंग कॅपॅसिटर (एका टप्प्यातला सिग्नल पुढच्यात नेणारे), मग पॉट, म्हणजे नॉबखालचा बदलता रेझिस्टर. तडतड जागची हलली नाही.

अखेर वैतागून मीटरची काळी दांडी चॅसिसला लावली आणि लाल दांडी बोर्डवर, कोणत्याही आयलेटपासून दूर, नुसत्या काळ्या पुठ्ठ्यावर टेकवली. तेथे शून्य यायला हवे. मीटरने ९ व्होल्ट दाखवले, आणि उच्च दाबाच्या आयलेटकडे सरकत गेलो तसे १४. बोर्डाने दोन महिने हवेतली ओल पिऊन घेतली होती आणि तो आता स्वतःच एक भलामोठा, लहरी रेझिस्टर झाला होता. त्यातून झिरपणारा डीसी व्हॉल्व्हच्या ग्रिडपर्यंत (सिग्नल येतो त्या जाळीपर्यंत) आणि पॉटपर्यंत पोचत होता. केस वाळवण्याचा ड्रायर वीस मिनिटे धरल्यावर आकडा दोनवर उतरला आणि तडतड थांबली. संध्याकाळी सर आली, आणि रात्रीच्या आरतीनंतर ती पुन्हा सुरू झाली. त्याच वेळी तपासले तर प्लेटला लावलेला १०० किलोओहमचा एक कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर ११७ वर गेलेला होता. ओलीने त्यांची किंमत अशीच चढते.

पुण्याला परतून मी सगळे सर्किट ग्लास-इपॉक्सीच्या टरेट (खुंट्यांच्या) बोर्डवर, मेटल फिल्म रेझिस्टर वापरून पुन्हा बांधले. आवाजात मला फरक ऐकू आला नाही. ज्यांना तो येतो असे ते सांगतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त ते पावसाळ्यात कोठे राहतात एवढे विचारतो. हुबेहूबपणाच्या भक्तांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. लंडनमध्ये १९६२ च्या सुमारास जिम मार्शल यांच्या दुकानात केन ब्रान आणि डडली क्रेव्हन यांनी जेटीएम४५ हा अ‍ॅम्प उभा केला, तो फेंडरच्याच बेसमन या अ‍ॅम्पच्या ५एफ६-ए सर्किटचा क्लोन होता. परंतु त्यांनी ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह आणि स्पीकर तेथे जे मिळत होते ते लावले. त्या नकलेला स्वतःचा आवाज मिळाला, त्यात या तडजोडींचा वाटा मोठा होता.

पावसाळ्यात माझा नेम साधा आहे. अ‍ॅम्प दर तिसऱ्या दिवशी अर्धा तास चालू ठेवायचा म्हणजे व्हॉल्व्हच्या उबेने आतली ओल निघते, आणि वर प्लास्टिक न घालता जुने सुती लुगडे टाकायचे. प्लास्टिकखाली ट्वीडच्या कापडावर बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या टाकणाऱ्यांनी त्या शेवटच्या केव्हा वाळवल्या हे आठवून पाहावे.

अर्थिंगची पिन

अ‍ॅम्प गुणगुणतो म्हणून प्लगची जाड पिन काढून टाकणे हा उपाय मला अजूनही दर दोन-चार महिन्यांनी दिसतो. गिटारच्या तारा चॅसिसला जोडलेल्या असतात आणि चॅसिस त्या पिनेला. आत कधी फेजची वायर सुटून चॅसिसला लागली, तर ती पिन असल्यास फ्यूज जातो आणि नसल्यास वाजवणारा, विशेषतः ओठ माइकला लागलेले असतील तेव्हा. याच्यावर चर्चा नाही.

गुणगुण कोठून येते हे कानाने ओळखता येते. सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी वाजवावा. तो ९८ हर्ट्झचा असतो. गुणगुण त्या स्वराच्या जवळ, किंचित चढी असेल तर ती १०० हर्ट्झची, म्हणजे रेक्टिफायरनंतरचे फिल्टर कॅपॅसिटर किंवा विजोड आउटपुट व्हॉल्व्ह तपासावेत. ती त्याच्या खालच्या सप्तकातली वाटली तर ५० हर्ट्झची, म्हणजे हीटरच्या वायरा, अर्थिंगचा फेरा किंवा गिटारचे सिंगल कॉइल पिकअप. अमेरिकी व्हिडिओंतले ६० आणि १२० चे आकडे येथे पाठ करून उपयोग नाही.

थोडक्यात आटोपण्याजोग्या चुका

फ्यूज गेला म्हणून दुप्पट अँपिअरचा बसवू नये, आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी तर मुळीच नाही. स्पीकर न जोडता अ‍ॅम्प चालवू नये, कारण भार नसताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये उसळणारा दाब वाइंडिंगचे इन्सुलेशन फोडतो. स्पीकरला गिटारची वायर लावू नये.

५वाय३ ऐवजी जीझेड३४ हा दुसरा रेक्टिफायर लावल्याने "जोर" वाढतो हे खरे, पण तो जोर म्हणजे प्लेटवर वाढलेले ३०-४० व्होल्ट, आणि त्याचे काय होते ते वर सांगितले आहे. गुणगुण कमी व्हावी म्हणून पहिला फिल्टर कॅपॅसिटर १६ ऐवजी ४७ मायक्रोफॅरडचा घालणाऱ्यांनी ५वाय३ची मर्यादा २० मायक्रोफॅरड आहे हे लक्षात घ्यावे. गायक-गिटारवादक नील यंगच्या १९५९ च्या डिलक्सचा दाखला देऊन ६व्ही६ च्या जागी ६एल६ घालणाऱ्यांनी ट्रान्सफॉर्मरच्या कागदावरचा हीटरचा आकडा आधी वाचावा, ६व्ही६ला ०.४५ अँपिअर लागतो, ६एल६ला त्याच्या दुप्पट.

दुरुस्तीनंतरचा पहिला प्रवाह नेहमी सिरीज बोर्डातून, म्हणजे वाटेत बल्ब जोडलेल्या बोर्डातून, द्यावा. त्यासाठी ६० किंवा १०० वॅटचा तंतूचा बल्ब हवा. एलईडी तेथे निरुपयोगी. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या जुन्या दुकानांत असे बल्ब अजून विचारून पाहावेत. मी डझनभर साठवले आहेत. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, पूर्ण पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे.

"याचा बेस फाटतो"

ही तक्रार हंबकर (दोन कॉइलच्या, जोरदार सिग्नलच्या) पिकअपची गिटार लावणाऱ्याची, आणि तिच्यावरचा झटपट उपाय म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचे कपलिंग कॅपॅसिटर काढून ०.०२२ चे डाखणे. मीही ते कोणाकोणाला करून दिले आहे, पण महिनाभर अ‍ॅम्प वाजवल्याशिवाय हल्ली देत नाही. या सर्किटचे दोन व्हॉल्यूम एकमेकांत गुंतलेले आहेत. ज्या चॅनेलमध्ये गिटार लावलेलीच नाही, त्याचा नॉब फिरवला तरी वापरातल्या चॅनेलचा जोर आणि धार बदलते, आणि तो १२ वर नेला की सिग्नल चक्क खाली येतो. मागच्या महिन्यात एक मुलगा कॅपॅसिटर स्वतःच विकत घेऊन आला होता. मी त्याला गिटारचा व्हॉल्यूम ७ वर उतरवायला सांगितला, त्याचा चॅनेल ४ वर ठेवला आणि मोकळ्या चॅनेलचा नॉब हळूहळू चढवत नेला. नऊच्या पुढे कोठेतरी तळातला चिखल निवळला आणि ई तार स्वच्छ उभी राहिली. त्याने तो नॉब तीन वेळा मागेपुढे करून पाहिला, आणि कॅपॅसिटरची पुडी माझ्याच टेबलावर विसरून गेला.