मधपेटी आणायच्या आधी शेजारच्या नळाकडे बघा

घरामागे मधमाश्या पाळायचं ठरलं की आपण पेटी कुठली, फ्रेम किती, जाळीची टोपी कशी यातच अडकतो, मीही अडकलो होतो आणि शेजाऱ्यांना सांगायचं राहूनच गेलं. पाचव्या दिवशी शेजारच्या काकूंनी भिंतीवरून हाक मारली, "अहो, तुमच्या माश्या आमच्या नळावर बसल्यात, बादली भरू कशी?" जाऊन बघितलं तर ठिबकणाऱ्या नळाच्या तोंडाशी 15-20 माश्या गोल करून पाणी पीत होत्या. चावत कुणालाच नव्हत्या, पण काकूंना ते कसं पटणार.

माश्यांना पाणी लागतंच, पेटी थंड ठेवायला आणि पिल्लांसाठी मध पातळ करायला, आणि एकदा एक जागा धरली की ती त्या लवकर सोडत नाहीत. नळाचा वॉशर मी स्वतः बदलून दिला तरी दोनेक आठवडे चकरा चालूच होत्या. म्हणून पेटीच्या आधी पाणी. पसरट थाळी घ्या, त्यात पाण्याच्या वर डोकं काढणारे दगड टाका म्हणजे माश्या बुडत नाहीत, आणि थाळी एक दिवससुद्धा कोरडी पडू देऊ नका. स्वच्छ ताज्या पाण्यापेक्षा जरा शेवाळलेलं, वास येणारं पाणी त्यांना चटकन सापडतं. डास होऊ नयेत म्हणून 3-4 दिवसांनी पाणी ओतून नवीन भरा, पण दगड मात्र घासून लख्ख करू नका, वास दगडांनाच असतो.

आता बोलणं. पेटी यायच्या आधी प्रत्येक घरी जाऊन सांगा (आणि पेटी ठेवायला तुमच्याकडे काही नियम, परवानगी आहे का तेही आधीच बघा). भाषण नको, एकच प्रश्न नक्की विचारा, घरात कुणाला माशी चावल्याची ॲलर्जी आहे का? कुणाला पूर्वी चावल्यावर श्वासाचा त्रास किंवा चेहऱ्याला सूज आली असेल तर पेटी दुसरीकडे ठेवायचा विचार करा, माझं तरी हेच मत आहे.

पेटीचं तोंड शेजाऱ्यांच्या दाराकडे, वाटेकडे किंवा कपडे वाळत घालायच्या दोरीकडे नको. समोर 6 फुटाची भिंत किंवा दाट कुंपण असेल तर माश्या बाहेर पडतानाच वर चढतात आणि माणसांच्या डोक्यावरून जातात. तरी कधी वाळत्या चादरीवर, गाडीवर पिवळे ठिपके पडतील, ती त्यांची विष्ठा. कुणी तक्रार केली तर वाद न घालता फडकं घेऊन जा.

पेटी उघडायची ती उन्हाच्या वेळी, तेव्हा म्हाताऱ्या, तापट माश्या बाहेर कामाला गेलेल्या असतात. ढगाळ हवेत, किंवा फुलं संपून मकरंदाची टंचाई असेल तेव्हा गरज नसेल तर हात लावू नका. ग्रुपवर आदल्या दिवशी एक मेसेज टाका, आणि भिंतीपलीकडे मुलं खेळत असतील तर बेत सरळ पुढे ढकला. चावलंच कुणाला तर नांगी नखाने पटकन खरवडून काढा, कशी काढली यापेक्षा किती लवकर काढली ते महत्त्वाचं. डंखाला पिकल्या केळ्यासारखा वास येतो आणि त्या वासाने बाकीच्या माश्या येतात, म्हणून आधी तिथून लांब व्हा, मग जागा धुवा. श्वास लागला, चक्कर आली तर वाट न बघता थेट हॉस्पिटल.

थव्याबद्दल (वस्तीतल्या बऱ्याच माश्या राणीसकट नवं घर शोधायला बाहेर पडतात, तो थवा) मात्र आधीच सांगून ठेवा, नाहीतर एक दिवस शेजाऱ्यांच्या फांदीला हजारो माश्यांचा घोस लटकेल आणि कुणीतरी पाण्याचा पाइप घेऊन धावेल. त्या वेळी माश्यांचं पोट मधाने भरलेलं असतं, राखायला घर नसतं, त्यामुळे न डिवचता ठेवल्या तर त्या सहसा शांत असतात आणि बऱ्याचदा काही तासांत किंवा एकदोन दिवसांत उडून जातात. सगळ्यांना नंबर द्या, "फवारू नका, मला फोन करा" एवढंच सांगा. तुम्हीही थव्याच्या दिवसांत दर 7 दिवसांनी राणीची घरं (नवी राणी वाढते ती) तपासा आणि पेटीत जागा वाढवत राहा.

शेजारी बागेत औषध मारणार असतील तर बंद करा म्हणू नका, बाग त्यांची आहे. संध्याकाळी मारा, उमललेल्या फुलांवर नको आणि आदल्या दिवशी कळवा, एवढी विनंती बहुतेक लोक ऐकतात. मधाची बाटली द्याल तेव्हा चिठ्ठी लावा, 1 वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नाही, त्यातून बोट्युलिझम (जिवाणूच्या विषाने होणारा गंभीर आजार) होऊ शकतो.

आणि जाळीची एक जादा टोपी घेऊन ठेवा. काकूंना ती घालून एकदा पेटीशी उभं केलं, कोवळ्या माश्या दुपारी दाराकडे तोंड करून कशा तरंगतात ते दाखवलं, 15-20 मिनिटांत सगळ्या आत गेल्या. गेल्या महिन्यात त्यांचाच फोन, "आज दाराशी गर्दी वेगळीच आहे हो, एकमेकींना ओढतायत." मी धावत गेलो, दुसऱ्या पेटीच्या माश्या मध लुटायला आल्या होत्या. दार एक माशी जेमतेम जाईल एवढं बारीक केलं, तोवर काकू भिंतीपलीकडून मोजत होत्या, अजून किती आत शिरतायत ते.