जीवाणूचा जीनोम एकसंध कसा जोडावा

एखादी आरती दोन-दोन, तीन-तीन शब्दांच्या कपट्यांवर उतरवून सगळे कपटे मिसळले, तर कडवी जुळवता येतात, कारण त्यांचे शब्द वेगळे असतात. अडते ते ध्रुवपदाशी. नुसत्या ध्रुवपदाचा कपटा कोणत्या कडव्यानंतर लावायचा, हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. ध्रुवपदापेक्षा लांब आणि दोन्हीकडच्या कडव्यांचे शब्द असलेला कपटा हाती आला, तरच ते जागेवर बसते. जीनोम असेंब्लीचा, म्हणजे डीएनएचे वाचलेले तुकडे जोडून जीवाणूचा पूर्ण डीएनए (जीनोम) उभा करण्याचा, खरा पेच हाच आहे.

ई. कोलायच्या के-12 एमजी1655 या वाणाचा जीनोम 46,41,652 बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) आहे. त्यात रायबोसोमल आरएनएच्या जनुकांचे सात संच आहेत, प्रत्येक साधारण पाच हजार बेसचा आणि एकमेकांशी जवळजवळ तंतोतंत जुळणारा. इल्युमिना या सिक्वेन्सिंग यंत्राची 150 बेसची रीड (एका दमात वाचलेला तुकडा) हे अंतर ओलांडू शकत नाही. त्यामुळे रीड जोडणाऱ्या स्पेड्स या सॉफ्टवेअरने कितीही नेटाने काम केले, तरी हा जीनोम कित्येक कॉन्टिगमध्येच (जोडून झालेल्या सलग तुकड्यांमध्येच) हाती येतो. कव्हरेज, म्हणजे प्रत्येक बेस सरासरी किती वेळा वाचला ते, 50 वरून 300 पट केल्यानेही तो जुळत नाही. उलट चुकीच्या के-मरची (रीडमधल्या ठरावीक लांबीच्या छोट्या तुकड्यांची) संख्या वाढते. अखंड जीनोम हवा असेल तर लांब रीड घ्या. सात-आठ हजार बेसपेक्षा लांब रीड पुरेशा असतील, तर बहुतेक जीवाणूंचे गुणसूत्र एका तुकड्यात जुळते.

ही लांबी ठरते डीएनए काढतानाच. लायसिसनंतर (पेशी फोडल्यावर) नळी व्होर्टेक्सवर (जोरात घुसळणाऱ्या यंत्रावर) धरू नका, हलकेच उलटसुलट करा. रुंद तोंडाची टिप वापरा, नमुना वारंवार गोठवू-वितळवू नका. शुद्धता पाहायला 260 आणि 280 नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणाचे, म्हणजे 260/280 चे, गुणोत्तर 1.8 च्या आसपास आणि 260/230 चे 2.0 ते 2.2 असावे. डीएनएचे प्रमाण क्युबिट या मापकावर मोजा. नॅनोड्रॉप हा दुसरा मापक आरएनएसुद्धा मोजतो आणि आकडा फुगवतो.

आता हिशेब. 46 लाख बेसच्या जीनोमला 100 पट कव्हरेज म्हणजे 46 कोटी बेस. लांब रीड देणाऱ्या नॅनोपोर यंत्राच्या इतक्या रीड आणि त्याच डीएनएच्या 50 ते 100 पट इल्युमिना रीड असल्या की सामग्री पुरेशी झाली. दोन्ही रीड एकाच वेळी काढलेल्या डीएनएच्या असाव्यात. वेगवेगळ्या दिवशी वाढवलेल्या कल्चरमध्ये प्लाझ्मिड (गुणसूत्राबाहेरचे छोटे, सहसा गोल डीएनए) गळून पडलेले असू शकते, आणि मग दोन्ही माहितीसंचांचे पटत नाही.

इल्युमिनाच्या रीड फास्टपी या सॉफ्टवेअरने छाटा. नॅनोपोरच्या रीड फिल्टलाँग या चाळणीतून काढा: किमान लांबी 1000 बेस, आणि उरलेल्यांपैकी उत्तम 90 टक्के ठेवा. मग लांब रीड त्या जोडणाऱ्या फ्लाय या सॉफ्टवेअरला द्या. बेसकॉलिंग (यंत्राच्या संकेतातून बेस ओळखणे) अलीकडच्या उच्च अचूकतेच्या मॉडेलने झाले असेल तर फ्लायचा उच्च दर्जाच्या नॅनोपोर रीडसाठीचा पर्याय निवडा, जुन्या रीडसाठी कच्च्या रीडचा.

फ्लायने दिलेल्या माहितीच्या तक्त्यात प्रत्येक कॉन्टिगची लांबी, कव्हरेज आणि तो वर्तुळाकार आहे की नाही, हे असते. ते नीट वाचा. गुणसूत्राचे कव्हरेज 100 आणि छोट्या वर्तुळाचे 1500 असेल, तर तो प्रत्येक पेशीत अंदाजे 15 प्रती असलेला प्लाझ्मिड असण्याची शक्यता मोठी. इल्युमिनाच्या असेंब्लीत 5,386 बेसचा कॉन्टिग दिसला, तर तो बहुधा तुमच्या जीवाणूचा नव्हेच. तो सिक्वेन्सिंगमध्ये नियंत्रणासाठी मिसळतात त्या फाय-एक्स 174 विषाणूचा. काढून टाका. वेगळ्या जीसी प्रमाणाचे (जी आणि सी या बेसच्या टक्केवारीचे), कमी कव्हरेजचे ढीगभर कॉन्टिग म्हणजे कल्चर शुद्ध नव्हते. तिथे सॉफ्टवेअर बदलून उपयोग नाही, पुन्हा एकच वसाहत उचलून सुरुवात करा.

छोटे प्लाझ्मिड ही लांब रीडची दुबळी बाजू आहे. लायगेशनच्या (टोकांना जोड देण्याच्या) पद्धतीत अखंड गोल डीएनएला मोकळे टोक नसल्याने ॲडॉप्टर (वाचनासाठी लागणारा जोडतुकडा) चिकटत नाही, आणि लांबीच्या चाळणीत उरलेसुरले निसटते. म्हणून इल्युमिना रीडची स्वतंत्र असेंब्ली करून त्यातले गोल तुकडे ताडून पाहा. उलटा घोटाळाही होतो: चार हजारांचा प्लाझ्मिड आठ हजारांचा दिसतो, कारण तो स्वतःलाच दोनदा जोडला गेलेला असतो. तुकड्याची स्वतःशीच तुलना करणाऱ्या डॉट प्लॉट या आलेखात मुख्य रेषेला समांतर दुसरी रेष दिसली की ओळखा.

पॉलिशिंगचा, म्हणजे उरलेल्या चुका दुरुस्त करण्याचा, क्रम मोडू नका. आधी नॅनोपोर रीडने दुरुस्ती करणारे मेडाका, आणि त्याचे मॉडेल बेसकॉलिंगच्या मॉडेलशी जुळणारेच. मग इल्युमिना रीडने पॉलीपॉलिश. यासाठी रीड असेंब्लीवर जुळवणारे बीडब्ल्यूए चालवताना जोडीतल्या रीड वेगवेगळ्या जुळवा आणि प्रत्येक रीडच्या सगळ्या संभाव्य जागा नोंदवायला सांगा. एकच जागा नोंदवली, तर पुनरावृत्त भागांतल्या चुका तशाच राहतात. एकाच बेसच्या लांब रांगेत नॅनोपोर एखादा बेस कमी-जास्त मोजतो आणि त्यामुळे जनुकाची वाचनचौकट सरकते. अपेक्षित जनुके पूर्ण आहेत का हे तपासणाऱ्या बुस्कोच्या अहवालात अर्धवट जनुके जास्त दिसली, तर पहिला संशय याच चुकांवर घ्या.

निम्मी असेंब्ली किमान केवढ्या कॉन्टिगमध्ये आहे हे सांगणाऱ्या एन50 च्या आकड्यावर भाळू नका. दोन कॉन्टिग चुकीचे जोडले तरी तो वाढतोच. त्याऐवजी मूळ रीड असेंब्लीवर परत जुळवा. कव्हरेज अचानक दुप्पट झाले तर तिथे दोन प्रती एकीत दबल्या असाव्यात. एखादी जागा कोणतीच लांब रीड ओलांडत नसेल तर तो जोड खोटा. असेंब्ली तपासणाऱ्या क्वास्टने संदर्भ जीनोमशी तुलना करून चूक दाखवली, तरी आधी त्या जागेवरच्या रीड बघा. तुमच्या वाणात तो भाग खरोखरच उलटलेला असू शकतो.

एवढी खटपट कशासाठी, तर प्रतिजैविक-रोधाच्या जनुकांचा माग काढण्यासाठी. अशी जनुके पुष्कळदा आयएस26 सारख्या 820 बेस लांबीच्या आणि डीएनएमध्ये जागा बदलत उड्या मारणाऱ्या घटकांच्या मधे बसलेली असतात. छोट्या रीडमध्ये कॉन्टिग नेमका तिथेच तुटतो: एनडीएम-1 हे रोधाचे जनुक आहे हे कळते, पण ते गुणसूत्रावर आहे की दुसऱ्या जीवाणूत जाऊ शकणाऱ्या प्लाझ्मिडवर, हे कळत नाही. रुग्णालयातला संसर्ग एका वाणामुळे पसरतो आहे की एका प्लाझ्मिडमुळे, हे त्यावरूनच ठरते.

शेवटी गुणसूत्राची सुरुवात डीएनए-ए या जनुकापासून करून घ्या. डीएनए-ॲप्लर नावाचे सॉफ्टवेअर हे काम करते. मग बाक्टाने जनुकांची नोंद करा, आणि कच्च्या रीडबरोबर प्रत्येक साधनाची आवृत्ती व बेसकॉलिंगच्या मॉडेलचे नाव लिहून ठेवा.